घाईचे वीस किलोमीटर: अमडापूर ते पुणे, मागे अँबेसेडर

सासऱ्यांची अट सरळ होती. गाडी येत असेल तर मी येतो, आणि तिथं ती चालली तर राहतो.

आबा ऐंशीला टेकलेत. अमडापूरला एकटेच राहायचे. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून पडले, तेव्हा सुमनने, माझ्या बायकोने, त्यांना पुण्याला आणायचं पक्कं केलं. त्यांच्या पांढऱ्या अँबेसेडरने तीस वर्षं आसपासच्या गावांतले नवरदेव वाहिले होते. आता इंजिनाचं हेड गेलेलं. तसलं काम करणारा जुना मिस्त्री पुण्यात सापडला. राहिला प्रश्न चारशे किलोमीटर ओढून नेण्याचा.

आपल्याकडे याला टोचन म्हणतात: दोर किंवा पाइप बांधायचा, मागच्या गाडीत एकाने स्टिअरिंग धरून जीव मुठीत घेऊन बसायचं. एवढ्या अंतराला तो वेडेपणा आहे. अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक मिळाला तर तोच घ्या. आम्हाला मिळाला नाही. चिखलीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या इमरानभाईंकडे टो-डॉली मात्र भाड्याने मिळाली. ही दोन चाकांची बुटकी ट्रॉली. तिच्यावर मागच्या गाडीची पुढची चाकं चढवून पट्ट्यांनी आवळायची. मागची चाकं रस्त्यावर पळतात.

घोळ तिथेच आहे. अँबेसेडरमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. ती चाकं फिरली की गाडीच्या पोटाखालचा लांब शाफ्ट फिरतो, आणि शाफ्ट गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवतो. इंजिन बंद असल्यामुळे आतलं ऑइल मात्र उसळत नाही. सगळं कोरडं घासतं. म्हणून शाफ्ट काढूनच निघायचं.

शनिवारी सकाळी अंगणात आबा हेच सांगत होते. "जावईबुवा, आधी शाफ्ट काढा. मंग हाला."

जमलेल्या चौघा गावकऱ्यांना ते पटलं नाही. "न्यूट्रल टाका ना, आबा! शेतातल्या जीपा आपुन चिखलीपर्यंत तशाच नेतो."

"ट्रॅक्टरमांगं नेता तुम्ही, बैलाच्या चालीनं. हे पन्नासनं पळवतीन."

मला सोमवारी सकाळी पेपरला मजकूर द्यायचा होता. अंगणात ना जॅक होता, ना खाली झोपणारा माणूस. मी म्हटलं, "वीस किलोमीटरचा तर प्रश्न आहे. चिखलीत मिस्त्री आहे, तिथे काढू." आबा डॉली जोडलेल्या माझ्या जीपमध्ये पुढे जाऊन बसले, सुमन मागे. त्यांचा जीव त्या गिअरबॉक्समध्ये होता. त्यांनी तो एकदाही उघडू दिलेला नव्हता, आणि आता बदली मिळण्यासारखाही नव्हता.

पाच किलोमीटरवर थांबून पट्ट्या पुन्हा आवळल्या, कारण त्या पहिल्या धक्क्यांत हमखास सैल होतात. कापसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत चिखली गाठली. मोकळ्या रस्त्यावर मात्र मी पन्नासचा वेग सोडला नव्हता.

इमरानभाईंच्या शेडसमोर आबा उतरले, अँबेसेडरचं दार उघडलं, गिअरच्या दांड्यापाशी रबर मॅट सारून पत्र्यावर तळहात ठेवला. लगेच उचलला.

"इंजिन तर बंद हाये. मंग हे काऊन तापलं?"

मी हात लावला. उत्तर मला माहीत होतं.

इमरानभाई पान्हा घेऊन खाली सरकले. "साहब, पेपरात लिहिता ना तुम्ही? मंग वाचत जा ना थोडं!" सुमन हसली. मी हसलो नाही.

जॅक, दोन्हीकडे ठोकळे. काढण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंवर पांढऱ्या रंगाची खूण केली, म्हणजे शाफ्ट पुन्हा तसाच बसेल. मागचे चार बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढला. गिअरबॉक्सच्या तोंडाला जाड प्लास्टिक, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी, ऑइल गळू नये म्हणून. शाफ्ट डिकीत, हँडब्रेक खाली. डॉली सुटलीच तर धरून ठेवणाऱ्या साखळ्या जीपच्या हुकाखालून एकमेकींना छेदून, दिव्यांची वायर मागपर्यंत. तासभराचं काम. आलुबोंडा-रस्सा खाईपर्यंत झालंही.

देऊळगावराजाकडे पंचेचाळीसच्या वर गेलो नाही. समृद्धी महामार्गाचा मोह टाळला. तो वेग या ओझ्याला झेपणारा नाही. वळणं रुंद घ्यायची, ब्रेक लवकर लावायचा, आणि डॉली घेऊन रिव्हर्स कधीच जायचं नाही. हे शेवटचं मी एका ढाब्यावर विसरलो. आत शिरलो, पुढे भिंत. डॉली सोडवून सहा जणांनी ढकलली. आबा खाटेवर बसून शेवभाजी-भाकरी खात होते. "नवरदेव उतरवून गाडी ढकलाची पाळी माह्यावर कधी नाही आली," म्हणाले. अंगण सोडल्यापासूनचं त्यांचं हे दुसरंच बोलणं.

मुक्काम जालन्याला, आत-बाहेर दोन फाटकं असलेलं लॉज शोधून. रविवारी दर पन्नास किलोमीटरला पट्ट्या, साखळ्या, टायर तपासत, मागच्या हॉर्नना वाट देत, नगर ओलांडून संध्याकाळी पुण्यात. खांदे आणि डोळे दोन्ही गेले होते. डिझेल नेहमीच्या जवळजवळ दीडपट जळलं. आबांनी वाटेत तीनदा गाडी थांबवून त्या पत्र्यावर हात ठेवला. थंड होता. मला मात्र त्याने धीर येईना; व्हायचं ते त्या वीस किलोमीटरांतच झालेलं असणार.

तीन आठवड्यांनी इंजिन झालं. मिस्त्रीने खुणेला खूण लावून शाफ्ट बसवला. आबांना मोतीबिंदू आहे, म्हणून मी चालवत होतो, ते शेजारी. पहिला, दुसरा ठीक. तिसऱ्याला खालून बारीक भुणभुण सुरू झाली. चौथ्यात थांबली. मी पुन्हा तिसरा टाकला. पुन्हा तीच.

"आबा, ती अंगणातली घाई माझी," मी म्हटलं. "तुमची अट मला माहीत आहे. म्हणाल त्या दिवशी गावी पोचवतो."

त्यांनी कान खालच्या आवाजाकडे लावला. "बेरिंग हाये. बाकी गिअरचे दात शाबूत हायेत."

मिस्त्रीही तेच म्हणाला. बेरिंग मागवतो, दोन दिवसांत बसवून देतो. मी हो म्हणणार, तेवढ्यात आबा बोलले.

"घाई नोका करू भाऊ. गिअरबॉक्स पयल्यांदा उघडून राह्यला. मी रोज येऊन बसतो इथं. तुमच्या सवडीनं करा."

त्याला आता दोन महिने होत आले. बेरिंग कधीच आलंय. सकाळचा चहा झाला की आबा टोपी घालून गॅरेजवर जातात; गावी परतायचं नाव काढत नाहीत. काम कुठवर आलं, हे सुमनही विचारत नाही, मीही नाही.