समोरच्या क्लासातले आबा

आमच्या क्लासच्या दारावर आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोटो असलेला फ्लेक्स लावलाय. खाली लिहिलंय, 'आजन्म विद्यार्थी'. कॉलेज रोडवर गाड्या लावून येणारे पालक तो वाचतात आणि मला म्हणतात, "सर, संस्कार दिसतात हो." मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, नम्रपणा. डोंबलाचा नम्रपणा! ज्या माणसाला मी याच दारातून बाहेर काढलं, त्याचा फोटो लावून मी ॲडमिशन घेतोय. इतका कोडगा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आबा लासलगावच्या मार्केटात मापाडी होते, कांद्याचं वजन करायचे. शाळा सातवीपर्यंत. मी आठवीत बीजगणितात गटांगळ्या खायला लागलो, तेव्हा हा माणूस माझं पुस्तक घेऊन मार्केटात जायचा. लिलाव थांबला की ट्रॅक्टरच्या सावलीत बसून पुढचा धडा स्वतः सोडवायचा आणि संध्याकाळी मला शिकवायचा. दहावीपर्यंत ते माझ्या एक धडा पुढे होते. मग मी नाशिकला शिकायला आलो आणि ते मागे पडले, पण थांबले नाहीत. पेटी शिकले, मोडी शिकले, साठी उलटल्यावर कॉम्प्युटरवर टायपिंग शिकले. मला हसू यायचं. मी इंग्रजीत एम.ए. झालो होतो ना! शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

आई गेल्यावर त्यांना नाशिकला आणलं. माझा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास तोवर चालू झाला होता, पण फोन घ्यायला कोणी टिकत नव्हतं. एक दिवस आबा म्हणाले, "मी बसतो की तुझ्या हापिसात. घरी बसून काय करू? फक्त तेवढं इंग्रजी शिकव. मागच्या बाकावर बसतो, कोणाला त्रास नाय."

बसले. स्वच्छ धोतर, टोपी, मांडीवर वही. प्रश्न विचारायचे, तेही हात वर करून. आठवडा झाला आणि मुलाला सोडायला आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी हसत विचारलं, "सर, सीनियर सिटिझन्सची पण बॅच आहे का?" बाई बिचाऱ्या कौतुकानेच विचारत असतील. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आबांना जिन्यात नेलं आणि म्हणालो, "तुम्हाला बघून लोक मुलं काढून घेतील इथून. या वयात शोभतं का हे?"

ते म्हणाले, "बरं." वही पिशवीत घातली आणि गेले.

मला वाटलं, मिटला विषय. चार महिन्यांनी बायको म्हणाली, "आबा समोरच्या क्लासला जातात. तुम्हाला माहीत नाही? आता तर ते तिथे फोनवर बसतात."

समोरचा क्लास रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या सरांना मी चारचौघांत बोलबच्चन म्हणायचो. त्या बोलबच्चनने माझ्या बापाला शिकवलं होतं आणि वर खुर्चीही दिली होती! अंगाची नुसती लाहीलाही झाली. वाटलं, मला खिजवायलाच बसवलंय. म्हातारा काय इंग्रजी बोलणार, त्याचं हसं होणार आणि नाव जाणार माझं.

तर मी काय केलं? तोंडावर रुमाल धरून समोरच्या क्लासला फोन लावला. पंचेचाळीस वर्षांचा घोडा! त्यांचा फोन जुना होता, नंबर दिसायचा नाही. मुलाला क्लास लावायचाय म्हणून मी मुद्दाम फाडफाड इंग्रजीत सुरू केलं. आबांची फजिती ऐकायची होती मला. दुसरं काही नाही.

फजिती झाली नाही. आबा इंग्रजीत हळू बोलत होते, पण प्रत्येक वाक्य पूर्ण करत होते. वेळा सांगितल्या, बॅच सांगितली, मी एकदा भरभर बोललो तर 'प्लीज, परत सांगा' म्हणाले. चिडून मीच मराठीवर आलो. "ते जाऊ द्या हो. तुमचा क्लास चांगला की समोरचा?"

आबा आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, खरं सांगू का? इथले सर चांगलेच हायेत. पण पोराला समोर घाला. तिथले सर लय भारी शिकवतात."

"तुम्ही शिकलात वाटतं त्यांच्याकडे?"

"आठ दिवस गेलो होतो. त्यांनी शिकवलं हो मन लावून. माझंच डोकं जड, मला जमलं नाय."

मी फोन ठेवला.

त्यानंतर आबा जेमतेम दोन महिने होते. एवढ्या संध्याकाळी मिळाल्या मला, आणि एकही कामी आली नाही. त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसलो होतो. उद्यापासून माझ्या ऑफिसात बसा, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि तेही मराठीत. वाक्यं शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ते बोलता येईना. मी म्हणालो, "आमटीत मीठ कमी आहे."

आबा ताटावरून उठले आणि मला मीठ आणून दिलं.