शेजारणीचा पान्हा

आमचे हे शाळेत मुलांना सृष्टिविज्ञान शिकवायचे आणि घरी मला. पानावर बसले की सुरू! माणसाचा चांगुलपणा देवळातून आलेला नाही, तो माणसाच्याही आधीचा आहे. माकडं एकमेकांच्या उवा काढतात, मेंढ्या एकमेकींना चिकटून राहतात. ज्यांनी एकमेकांना सांभाळलं तीच जगली आणि आपण त्यांचीच पिल्लावळ. मी म्हणायची, "असू दे. भात वाढू का?"

सोलापुरात खादीची टोपी घालून शाळेत यावं की नाही यावर वाद चालायचे, ते दिवस. आमच्या बिऱ्हाडाला लागूनच एक विणकर कुटुंब राहायचं. घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. त्यांची सून माझ्याच वयाची, आणि आमचं दोघींचं हाडवैर! कारण काय, तर सकाळी गल्लीभर सुताचा ताणा लावून ती त्याला खळ द्यायची आणि मला आडावर जायला वाट उरायची नाही. एकदा मी रागारागाने भरली घागर घेऊन त्या सुताखालून वाकून गेले. पाणी सांडलं, तिची सकाळभराची मेहनत वाया गेली. तिने मला तेलुगूत काय काय म्हटलं देव जाणे. मी मराठीत एकही शब्द बाकी ठेवला नाही. त्यानंतर सहा महिने बोलणं बंद.

त्यातच मी बाळंत झाले. बारशाच्या आधीच मला ताप भरला आणि दूध आटलं. गाईचं दूध पाजलं, ते पोराने ओकून टाकलं. शेळीचं आणलं, तेही टिकेना. दोन दिवस पोर टाहो फोडत होतं, इतकं की शेवटी मीच कानांवर हात ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गप्प झालं. सासूबाई म्हणाल्या, "लागला बाई डोळा एकदाचा." मला तर उठून बघायचंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात शेजारीण दारातून थेट आत आली. कुणाला विचारणं नाही, काही नाही. पोराला उचललं, तोंडात बोट घालून बघितलं, भिंतीकडे तोंड करून बसली आणि त्याला पदराखाली घेतलं. कितीतरी वेळ काहीच होईना. मग पोर ओढायला लागलं. एरवी सोवळ्याशिवाय गोष्ट न बोलणाऱ्या सासूबाई, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः आळिवाची खीर करून शेजारणीपुढे ठेवली. पुढे दीड महिना शेजारीण दिवसातून चार-पाचदा माग सोडून येत होती. तिची स्वतःची तान्ही मुलगी असायचीच दुसऱ्या मांडीवर.

मी बरी झाल्यावर ह्यांनी मला समजावलं, "तान्ह्या मुलाचं रडणं ऐकलं की अंगावर पाजणाऱ्या बाईला पान्हा फुटतो. मूल कुणाचं, हे शरीर विचारत नाही. ही निसर्गाची योजना."

माझं डोकंच फिरलं. माझं पोर वाचवलं तिने आणि श्रेय निसर्गाला? तडक उठले आणि तिच्या मागापाशी जाऊन विचारलं, "खरं सांग. रडणं ऐकून पान्हा फुटला, म्हणून आलीस का गं?"

"पान्हा फुटला की," ती म्हणाली. "दोन दिवस चोळी भिजत होती माझी. पण आले न्हाय. तुमचा राग लई होता. म्हटलं, रडू दे, त्यांचं त्या बघतील." तिने मान खाली घातली. "तिसऱ्या दिवशी चोळी कोरडीच राहिली. तुमच्या घरातनं आवाजच न्हाय. मग हातातला मागाचा धोटा टाकला आन् पळत आले, मास्तरीणबाई."

मी घरी येऊन ह्यांना तिचं सगळं सांगितलं, चोळीसकट, आणि ऐकवलं, "बघा! रडत होता तोवर आली नाही, रडायचा थांबला तेव्हा आली. सांगा आता तुमच्या निसर्गाला!"

 हे हळूच म्हणाले, "दोन दिवस चोळी भिजत होती, म्हणून तर कोरडी राहिलेली तिला कळली."

 डोळेच भरून आले मेले. मुलाला कडेवर घेतलं आणि पुन्हा तिच्या दाराशी गेले. दीड महिन्यात तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते.