दोन, थांबून एक

काजवाल्या काकूंना नाही म्हणता येत नसे. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक त्यांचे यजमान, ते तीन वर्षांपूर्वी वारले. दुसऱ्या समोरच्या दारातल्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या.

काकू घरी बसून एका शिंप्यासाठी कोटांची काजं करत. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर कोट, बोटात अंगुस्तान. काज अर्ध्यावर सोडून उठलं की पुढचे टाके वाकडे येतात, आणि दारावरची घंटा नेमकी तेव्हाच वाजायची. कधी साबणवाला, कधी पुस्तकांचा संच घेऊन कुणी. वीस वर्षांपूर्वी अशाच एका टायवाल्या विक्रेत्याने त्यांच्या गळ्यात गालिचा झाडायचं यंत्र मारलं होतं. घरात गालिचा नव्हता. यजमान पुढे आठवडाभर जेवताना जमिनीकडे बघून म्हणत, "वा, काय स्वच्छ झालाय गालिचा!" यंत्र अजून माळ्यावर आहे.

तेव्हा काकू बाईंपाशी रडल्या होत्या. "समोर माणूस उभा राहिला की जीभच उचलत नाही हो, बाई."

"मग उभा राहूच द्यायचा नाही," बाई म्हणाल्या. "घंटा वाजली की उठायचं नाहीस. मी घंटा वाजवणारच नाही. दोनदा टकटक, थांबून एकदा. बाकीच्यांसाठी तू घरात नाहीस."

वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. घंटा कोकलून कोकलून गप्प व्हायची, सुई चालू राहायची. यजमान गेले त्या महिन्यात तर ती टकटक दिवसातून चार वेळा यायची. काकू तिच्यासाठीच अंथरुणातून उठत.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला ती वाजली. दोन, थांबून एक.

"आले हो बाई, आले," म्हणत काकूंनी दार सताड उघडलं.

दारात इस्त्रीच्या शर्टातला एक हसरा माणूस उभा होता. काखेत खोकं, हातात कागद.

"नमस्कार, काकू! पाच मिनिटं फक्त," म्हणत तो आत आलासुद्धा. त्याने नळाचं पाणी पेल्यात घेतलं, त्यात खोक्यातल्या विजेच्या दोन तारा सोडल्या. पाण्यात तपकिरी गाळ जमला.

"बघा. हेच रोज पोटात जातं. उगाच नाही तुम्हाला पित्ताचा त्रास."

"माझं पित्त तुम्हाला कुणी सांगितलं?"

"समोरच्या बाईंनी! फार प्रेमळ हो. पाच नावं दिली की त्यांच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राची वर्षभर देखभाल फुकट. तुमचं नाव पहिलं."

त्याने कौतुकाने कागद पुढे केला. बाईंचं गोल, टपोरं अक्षर. या अक्षरातल्या कितीतरी चिठ्ठ्या काकूंच्या शिवणाच्या डब्यात होत्या. 'काजवाल्या काकू, समोरचं दार. घंटा वाजवू नये. दोन, थांबून एक. नाही म्हणता येत नाही.' शेवटच्या वाक्याखाली पट्टीने रेघ मारली होती.

काकू त्या रेघेकडे बघत राहिल्या. माणूस बोलतच होता. मग त्याने पेन पुढे केलं आणि काकूंनी सही केली.

चार वाजता टकटक झाली. दोन, थांबून एक.

काकूंच्या मांडीवर कोट होता. त्या सवयीने अर्ध्या उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"कोण आहे?" वीस वर्षांत या दाराआडून हा प्रश्न पहिल्यांदाच गेला.

"कोण म्हणजे? अगं, मी!"

काकूंनी सुई कोटात खोचली.

"तो आला होता का गं? चिडलीस? अगं, गरीब वाटला बिचारा, पायऱ्या चढून दमला होता. आणि यंत्र चांगलंच आहे. मी काय तुझं वाईट चिंतणार? उघड ना, चहा टाक."

काकू दारापाशी गेल्या. कडीवर हात ठेवला. पलीकडे बाईंच्या बांगड्या वाजत होत्या, इतक्या जवळ.

"आम्हाला काही नको," काकू म्हणाल्या.

बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "अगं, असं काय करतेस? काकू?"

काकू खुर्चीत येऊन बसल्या. मागे टकटक पुन्हा वाजली, मग घंटा. काज अर्ध्यावर राहिलं होतं. तिसरा टाका वाकडा आला तो त्यांनी उसवला, आणि पुन्हा घातला.