मखरातली व्हिक्टरी

निशिकांत दामले हट्टी माणूस. परदेशात, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्येही गणपतीची आरास दरवर्षी स्वतःच्या हातांनी करायची, विकत आणायची नाही. यंदा त्यांनी पुठ्ठ्याची ‘व्हिक्टरी’ केली होती, इंग्रजांची अठराव्या शतकातली युद्धनौका. मधल्या डोलकाठीजवळ, डेकवर बाप्पा बसणार होते.

डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. निवृत्तीचं वय झालं होतं. बँक त्यांना ठेवून घ्यायला तयार होती, पण टीम क्षितिजला देऊन. ज्याला हाताला धरून काम शिकवलं, त्याच्याच हाताखाली बसायचं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. “मी ‘नाही’च म्हणणार,” असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं. कामाशिवाय हा माणूस कोमेजून जाईल, हे सुनेत्राबाईंना पक्कं माहीत होतं.

चतुर्थीला गुरुजी व्हिडिओ कॉलवर वेळेआधीच हजर. घाईगडबडीत मूर्ती चौरंगावर ठेवली, प्राणप्रतिष्ठा झाली, आणि मग निशिकांतरावांना जहाज आठवलं. ते आतल्या खोलीतच होतं. आता विसर्जनापर्यंत मूर्ती हलवायची नाही. डेकवर बाप्पा बसणार कसे?

“अहो, मधला भाग कापा आणि जहाज चौरंगाभोवती बसवा,” सुनेत्राबाई म्हणाल्या. दातओठ खात निशिकांतरावांनी कटर चालवला. मधली डोलकाठी गेली, निम्म्या तोफाही गेल्या.

संध्याकाळी क्षितिज दर्शनाला आला. “सर, हे लढाऊ जहाज ना? मग असं मधोमध कापलेलं का?”

चूक झाकायला निशिकांतराव व्हिक्टरीची कहाणी सांगू लागले. “तिशी उलटली तेव्हा लढाईला निकामी ठरवून तिचा दवाखाना केला होता, आजारी युद्धकैद्यांसाठी. मोडीतच निघायची. पण दुसरं एक मोठं जहाज बुडालं, म्हणून हिची डागडुजी केली. आणि चाळिशीत ती तिची सगळ्यात मोठी लढाई लढली. आजसुद्धा ती नौदलाच्या सेवेत आहे.”

हे सगळं त्यांना कधीपासून ठाऊक होतं, पण आज बोलता बोलता अंगावर काटा आला. तापानं फणफणलेले कैदी तिच्या पोटात कण्हत होते, तेव्हा तिचं पुढे काय होणार हे कुणाला माहीत होतं? मिळालं ते काम करत ती तरंगत राहिली होती. निशिकांतराव त्या कापलेल्या पुठ्ठ्याकडे भारावून बघत राहिले.

मग त्यांनी क्षितिजच्या हातावर मोदक ठेवला.

“सोमवारी मी कुठे बसायचं, ते सांग,” ते म्हणाले. “आणि ऑफिसात मला सर म्हणू नकोस.”