स्वतःहून सोडलेली नोकरी

त्यांचं खरं नाव इथे देत नाही. दत्तात्रय मुळ्ये म्हणू. जर्मनीत एर्लांगेनच्या बाहेर एका कारखान्यात ते मोटारीच्या कॉइल गुंडाळायचे. भोसरीच्या शाखेतून मशीन शिकायला आले आणि इथलेच झाले. पत्नी स्नेहलता तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा निहार म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला असतो. नात फोनवर मराठी ऐकून घेते, जर्मन होकार देत "या, आजोबा" म्हणते आणि फोन बापाकडे देते.

बाहेरच्या देशांतून कॉइल स्वस्तात यायला लागल्या आणि हिवाळ्यात मुळ्यांचा विभाग बंद झाला. संक्रांतीला इथल्या मराठी मंडळात तिळगूळ वाटताना आमच्या चिटणीस लतिकाबाईंनी विचारलं, "काय हो मुळ्ये, कारखान्याचं काय ऐकतेय मी?"

"मी सोडलं. पुरे झालं आता."

"वा! म्हणजे गणपतीतले मोदक तुमच्याकडे. रिकाम्या माणसाला सबबी नसतात!"

सगळे हसले. आयटीतल्या एका पोराने टाळ्या वाजवल्या. "काका, अर्ली रिटायरमेंट! आम्हाला कधी जमणार?" मुळ्ये हसून वडी चघळत राहिले.

उन्हाळ्यात त्यांनी मला फोन केला. आयातीमुळे ज्यांचं काम गेलं, त्यांच्यासाठी सरकारी मदत जाहीर झाली होती: न्यूर्नबर्गच्या वर्कशॉपमध्ये वर्षभर घर गरम ठेवणारे हीट पंप बसवण्याचं शिक्षण, येण्याजाण्याचं भाडं आणि खर्चापुरता भत्ता. कारखान्यात त्यांच्यासोबत काम करणारे सगळे जण नाव घालत होते.

"भत्त्याचं सोडा हो," मुळ्ये म्हणाले. "सकाळी डबा घेऊन कुठेतरी जायला मिळेल. चार माणसं 'गुटन मॉर्गन' म्हणतील. घरात मी रेडिओला उत्तरं द्यायला लागलोय."

मशीनपुरतं जर्मन त्यांना यायचं, कार्यालयातलं नाही. हिशेबात जन्म गेल्यामुळे मला सरकारी भाषा कळते, म्हणून मी सोबत गेलो. अट एकच होती: नोकरी आयातीच्या फटक्याने गेलेली हवी, स्वतःच्या मर्जीने सोडलेली नको. विभागच बंद झाला आहे, तेवढं पुरेल अशी माझी समजूत होती.

फ्राऊ लिंडनर नावाच्या अधिकारी बाईंनी कागद पाहिले. "नोकरी दोघांच्या संमतीने संपली आहे. कंपनी तुम्हाला काढणारच होती, की तुम्ही आपल्या इच्छेने गेलात?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. मुळ्यांनी बाईंकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"मी स्वतःहून गेलो," ते थेट जर्मनमध्ये म्हणाले.

"कंपनीने दबाव आणला नाही?"

"नाइन," ते नकारार्थी मान हलवत म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. संक्रांतीला ते हेच तर म्हणाले होते.

अर्ज नामंजूर झाला. पत्र आलं त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. टेबलावर नवा कोरा स्टीलचा डबा होता, त्याचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

"माइस्टरने, म्हणजे आमच्या मुकादमाने, बोलावून सांगितलं," ते म्हणाले. "आज या संमतीच्या कागदावर सही कर, नाहीतर सोमवारी काढल्याचं पत्र देतो. मी सही केली."

"अहो, मग हेच सांगायचं होतं तिथे! तेवढ्यावरच तर सगळं अवलंबून होतं."

"तुम्ही शेजारी बसला होतात ना. आमच्या घराण्यात कुणाला कामावरून काढलेलं नाही. मंडळात सगळ्यांसमोर मी... आणि तुमच्यादेखत मी वेगळं काय सांगणार?"

निर्णयावर हरकत घ्यायला महिन्याची मुदत असते. मी मसुदा लिहिला, त्यांनी सही केली. माइस्टरनेही लेखी खरं सांगितलं; भला माणूस. फ्राऊ लिंडनरनी पुन्हा बोलावलं. आधी वेगळं का सांगितलंत, हे त्यांना मुळ्यांच्या तोंडून हवं होतं.

दारापाशी मुळ्ये थांबले. "तुम्ही बाहेरच बसा. रागावू नका."

"पण भाषेचं काय?"

"मोडकंतोडकं बोलेन. पण मला बोलता येईल."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. मध्येच उजवा हात हवेत गोल फिरायला लागला, कॉइल गुंडाळल्यासारखा, आणि एकदम थांबला. बाई मान हलवत होत्या. बाहेर आल्यावर मुळ्ये माझ्या बुटांकडे बघत म्हणाले, "सांगितलं." बसमध्ये ते पुढच्या सीटवर एकटे बसले.

अर्ज मंजूर झाला. तेव्हापासून सकाळच्या गाडीला ते मला स्टेशनवर दिसतात, डबा काखेत, कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांत. कुणीतरी काही बोलतं, ते "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून मोठ्याने हसतात. मी दिसलो की नजर वेळापत्रकाच्या पाटीकडे जाते. मीही आता पलीकडच्या टोकाला उभा राहतो.

गणपतीत ते आले नाहीत. आरती झाल्यावर लतिकाबाईंनी मला गाठलं.

"तुमचे मित्र कुठे? मोदक करायचं कबूल करून पळाले की काय?"

"नवं काम शिकतायत. रोज न्यूर्नबर्गला जातात."

"या वयात? कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "स्वतःहून."

"हौशी माणूस!" म्हणत त्यांनी पाच मोदक बांधून माझ्या हातात दिले.

घरी जाताना मी मुळ्यांच्या इमारतीत शिरलो. दारामागे रेडिओ चालू होता आणि त्यांचाही आवाज येत होता. बेलवर बोट ठेवलं होतं, ते काढून घेतलं. पिशवी दाराच्या मुठीला अडकवली आणि जिना उतरलो.