ताल धरणारा मेंदू
परवा डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवायच्या पेस्टची नवी बाटली उघडली आणि त्या औषधी वासानं मला चेन्नईतली आमची जुनी प्रयोगशाळा आठवली. गाणं ऐकताना मेंदूचे संकेतही तालात चालतात, असं आमच्या नागपूरकडच्या सरांचं मॉडेल सांगायचं. प्रत्यक्ष मोजमापात मात्र तसं काहीच दिसत नव्हतं. प्रकल्प बंद पडायच्या बेतात आला, तेव्हा मी वेलचेरीतल्या माझ्या घरमालकीणबाईंना प्रयोगाला बसायची गळ घातली. त्या तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. केसांचं तेल धुऊन, गजरा काढून ठेवून त्या खुर्चीत ताठ बसल्या. हेडफोनमध्ये वीणा सुरू झाली आणि पडद्यावर कानशिलांपाशी ठोक्यागणिक अशा उंच लाटा उठल्या, की सर ओरडलेच, "बघ, मेंदू ताल धरतोय!" त्यांनी लगेच संचालकांना फोन लावला. मला त्या लाटा मेंदूच्या मानानं फारच धिप्पाड वाटल्या, म्हणून मी त्यांच्या खोलीच्या काचेतून डोकावलो. बाईंचा जबडा वीणेबरोबर संथ हलत होता. गालात सुपारी होती; लाटा चावणाऱ्या स्नायूंच्या होत्या. आत जाऊन मी म्हटलं, "मामी, हलायचं नाही म्हटलं होतं ना!" त्या फणकारल्या, "डोकं हाललं काय? चावूं नको म्हणून कोण सांगितलं?" सरांनी तिकडून उत्तर यायच्या आत फोन बंद केला, आत आले आणि बाईंपुढे हात पसरून म्हणाले, "मलाही द्या थोडी." प्रकल्प बंद पडायचा तो पडलाच. माझी पीएचडी पुढे जबड्याच्या स्नायूंवर झाली, आणि आता विद्यार्थी फार सुंदर आलेख घेऊन आले की मी आधी विचारतो, "तोंडात काय होतं?"