बारा नंबरची चिठ्ठी

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे वस्ताद म्हणायचे. तिने आयुष्यात कुणाला साधी चापट मारली नसेल, पण दिवसाला सत्तर-ऐंशी जणांना लोळवायची. हातात मावतील असे व्हिडिओ गेमचे सेट तिथे बनत. पेटीत जाण्याआधी प्रत्येक सेट तपासणीच्या टेबलावर यायचा. बाईने त्यात कॅसेट घालायची, मारामारीचा तोच एक जुना गेम लावायचा आणि एक झुंज खेळायची. जिंकल्याशिवाय सेटवर आपल्या नंबरची चिठ्ठी चिकटवायची नाही, असा नियम. कारण जिंकायचं तर ठोसा, लाथ, उडी, बचाव, सगळी बटणं वापरावी लागतात. हरायला एकही लागत नाही.

म्हणून बाकीच्या बाया बिनधास्त हरायच्या. अर्ध्या मिनिटात मार खाऊन मोकळ्या, की चिठ्ठी लावून पुढचा सेट. मावशीला ते खपायचं नाही. "हरायला काय अक्कल लागते गं?" असं भर पाळीत ओरडायची. गेममधल्या शेवटच्या धटिंगणाला तिने सुपरवायझरचं नाव ठेवलं होतं आणि त्याला पाडताना ती जरा जास्तच लाथा घालायची. तिचा नंबर अकरा. अकराची चिठ्ठी असलेला सेट कधी परत आला नाही, हे सुपरवायझर नव्या बायांना ऐकवायचा आणि त्या तिच्या नावाने बोटं मोडायच्या.

नोकरीच्या सोळाव्या वर्षी तिचा उजवा अंगठा गेला. आधी सांधा सुजला, मग ठणका लागला आणि मग दुखायचं थांबलं, तेच वाईट झालं. अंगठा हलायचा, पण त्याला काही कळेनासं झालं. चहाचा पेला भाजतोय हेही कळायचं नाही. हे सांगितलं असतं तर तिला घरी बसवलं असतं, आणि घर तरी कुठलं? राहायची खोली कारखान्याची. नोकरी गेली की महिन्याभरात खोली खाली करायची. त्या खोलीत काका होते, अर्धांगवायूने पाच वर्षं अंथरुणाला खिळलेले. आणि मी होते. आई गेल्यापासून मी मावशीकडेच वाढत होते.

अंगठ्याचं एकीलाच माहीत होतं, शेजारच्या टेबलावरच्या बारा नंबरला. डब्याच्या सुट्टीत दोघी पाण्याच्या टाकीमागे बसायच्या आणि ती मावशीचा अंगठा चोळून द्यायची. बदल्यात मावशीने तिचं एक काम अंगावर घेतलं होतं. बारा नंबरच्या आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं आणि रजा मिळायची नाही. त्या दिवशी ती दोन तास आधी मागच्या फाटकातून सटकायची. तिचे उरलेले सेट मावशी तपासायची, त्यांवर बाराची चिठ्ठी लावायची आणि पाळी सुटताना तिचं हजेरीचं कार्डही मारायची.

मावशी त्या सेटवरही प्रामाणिकपणे जिंकायची. पण बचावाचं बटण अडकायला लागलं की ते आधी अंगठ्याला कळतं. दाबून सोडलं की बटण बोटामागोमाग वर यायला हवं. ते क्षणभर रेंगाळतं. डोळ्यांना ते दिसत नाही. मावशीचे डोळे शाबूत होते, अंगठा नव्हता. आपण इतकी वर्षं खेळतोय, आपल्याला चुकणार कसं, अशी तिला घमेंड होती, आणि ती घमेंडच नडली.

एका खेपेचे चाळीस सेट परत आले. सगळ्यांचं बचावाचं बटण अडकलेलं, आणि सगळ्यांवर बाराची चिठ्ठी. ती खेप त्या एकाच संध्याकाळी बांधली होती. अकराचा एकही सेट त्यात नव्हता, कारण मावशीने स्वतःचे सेट दुपारीच संपवले होते.

सुपरवायझरने दोघींना केबिनमध्ये बोलावलं.

"हरून चिठ्ठ्या लावल्यास ना?" त्याने बारा नंबरला विचारलं.

"साहेब, मी नव्हतेच तेव्हा. आईला घेऊन गेले होते. हे सेट वस्तादांनी तपासलेत."

तो हसलाच. "कार्ड तर संध्याकाळी सहाला मारलेलं आहे तुझं. आणि यांनी तपासले असते तर परत आले असते का? खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोल." मग मावशीकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही तपासलेत?"

मावशी सांगते, त्या वेळी तिला फक्त काकांचा पलंग दिसत होता. तो दारातून बाहेर कसा काढायचा, एवढंच डोक्यात.

"नाही," ती म्हणाली.

बारा नंबरने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याबद्दल एक शब्द बोलली असती तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. सुपरवायझरने एक टाचणी टोचून पाहिली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही. त्याच दिवशी तिला कामावरून काढलं, ती पिशवी उचलून गेली.

पुढे पगार बंद झाल्यावर दवाखान्याच्या फेऱ्याही थांबल्या आणि तिची आई फार दिवस टिकली नाही. ते आम्हाला बाजारात कुणाकडून तरी कळलं. मावशी त्या घरी गेली नाही. त्यांच्या गल्लीवरून जायचं झालं तर लांबून वळसा घालायची. केबिनमधल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवसापासून मावशीही गेममध्ये हरायला लागली. सहा वर्षं हरून तिने नोकरी पुरी केली, तरी कुणाला संशय आला नाही.

हे सगळं तिने मला सांगितलं ते काका गेल्यानंतर, मी कमावती झाल्यावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईने तिला सांभाळून घेतलं आणि हिने तिचा घात केला.

"एका शब्दाचं काम होतं, मावशी. खरं बोलायला काय झालं होतं तुला?"

तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखर विचारत होती.

"आणि मग तू कुठे राहिली असतीस?"

कुठेही, एवढंच म्हणायचं होतं. माझ्याने म्हणवलं नाही.